पूर ओसरल्यानंतर लागणारे हात

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मे महिना सरत आला की आमच्या सांगलीच्या गावभागातील जुनी माणसे घरातला माळा मोकळा करू लागतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेले की धोका पातळी, हे आकडे इथे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत मी स्वयंसेवक म्हणून काम केले आहे आणि पावसाळा तोंडावर असताना त्या अनुभवातून आलेली एक मागणी आपल्या दैनिकातून मांडू इच्छितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा मदतीला माणसे कमी पडली नाहीत. तालमीतली पोरे, कॉलेजचे विद्यार्थी, भाकरी-चटणीची गाठोडी घेऊन आलेले खेड्यापाड्यांतले लोक, सगळे धावून आले. पाणी उतरले, रस्ते खुले झाले आणि आठवड्याभरात गर्दीही ओसरली. वास्तविक पूरग्रस्ताच्या घरातले खरे काम त्या दिवसापासून सुरू होते. गाळ ओला आहे तोवरच उपसावा लागतो, वाळला की तो फरशीला घट्ट धरतो. कपाटांची दारे फुगून अडकलेली असतात, डब्यांतले धान्य आंबलेले असते आणि भिजलेली एक गादी उचलायला चार माणसे लागतात.

दत्तनगरमधील एका वृद्ध दांपत्याच्या घरात आम्ही सहा जण दोन दिवस गाळ काढत होतो. आजींना भांड्यांची चिंता नव्हती. त्यांचा जीव अडकला होता तो पत्र्याच्या पेटीतल्या कागदांत. रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, घरपट्टीच्या पावत्या असे एकेक पान सोडवून आम्ही खोलीभर दोऱ्या बांधल्या आणि ते वाळत घातले. पंचनाम्याला माणसे आली तेव्हा आजींनी ते कागद हातात धरून दाखवले. त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान मी आजही विसरलेलो नाही. पुढे दिवाळीला त्यांनी आम्हा सहाही जणांच्या घरी फराळ पाठवला. या कामातून काय मिळाले असे मला कोणी विचारले, तर मी त्या घराकडे बोट दाखवीन.

हाच प्रश्न एका कार्यालयात मात्र वेगळ्या सुरात विचारला गेला. कोणत्या गल्लीत मदत पोहोचलेली नाही याची यादी मागायला आम्ही गेलो होतो, आधी संस्थेचे पत्र आणा असे सांगण्यात आले आणि त्यानंतर, "तुम्हाला यातून काय मिळतं?" अशी विचारणा झाली. दोन दिवस उपाशीतापाशी राबलेली मुले सोबत होती. त्यांतली दोघे पुन्हा आली नाहीत आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही.

जुन्या कपड्यांविषयीही लिहिले पाहिजे. फाटक्या साड्या, जोडी नसलेल्या चपला, लोकरीचे कोट यांचे ढीग येऊन पडले आणि ते निवडण्यात आमचे दोन दिवस गेले. त्याच वेळी फावडी, घमेली, खराटे, पाणी उपसायच्या मोटारी आणि ब्लीचिंग पावडर यांसाठी आम्ही दारोदार फिरत होतो. मुख्य रस्त्यावरच्या घरांना पाण्याच्या बाटल्या तीन-तीनदा मिळाल्या. आतल्या बोळांत टेम्पो शिरत नसल्याने तिथे कोणी गेलेच नाही. देणाऱ्यांचे मन मोठे होते, पण काय हवे आणि कुठे हवे हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

नुसता उत्साह जिवावरही बेतू शकतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढताना नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. नावेत किती माणसे घ्यावीत, लाइफ जॅकेट कसे बांधावे, हे आधी शिकवायला हवे. गाळात अनवाणी उतरून पायाला जखम झाली तर लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो, हेही आमच्यातल्या कित्येकांना उशिरा कळले.

म्हणून महापालिकेला विनंती आहे की जून उजाडण्यापूर्वी प्रभागवार स्वयंसेवकांची नोंदवही करावी. पोहता येणारे कोण, वायरमन कोण, परिचारिका कोण आणि मुख्य म्हणजे पाणी उतरल्यावर पुढचे पंधरा दिवस कोण देऊ शकेल, हे तीत लिहिलेले असावे. अवजारे प्रत्येक प्रभागातील उंचावरच्या एखाद्या शाळेत आधीच ठेवावीत आणि पुराच्या काळात काय हवे, काय नको याची यादी रोज जाहीर करावी.

आमच्या गल्लीपुरती अशी वही आम्ही सुरू केली आहे. तीत आजपर्यंत १९ नावे आली असून त्यांतले चौघे वायरमन आहेत. ही वही घेऊन कोणत्या अधिकाऱ्यांकडे जायचे, एवढे महापालिकेने सांगावे.

आपला,
एक वाचक, गावभाग, सांगली