कंदील परत पाठव

प्रिय अव्या,

सहा महिने पत्र नाही, फोन आला तर ‘नंतर करतो’, आणि आता लिहितोय तेही दिलेली भेट परत मागायला. शिव्या आधीच घालून घे, मग पुढे वाच.

दसऱ्याला अजयबरोबर पाठवलेला कंदील गॅलरीत लावलास का? लावला असशील तर उतरव. नसशील लावला तर तुझा आळस जन्मात पहिल्यांदा कामी आला.

झालं असं. माझे टाकाऊतून टिकाऊचे उद्योग तुला माहीतच आहेत. सुमन म्हणते, घरात भंगारवाल्याला द्यायला काही उरलं नाही, आता मलाच काट्यावर बसवणार आहे. यंदा मोडक्या छत्र्या धरल्या. लांब दांड्याच्या छत्रीच्या आठ काड्या घ्यायच्या आणि वर-खाली लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांत अडकवायच्या, की आठ पाकळ्यांचा झकास सांगाडा तयार. कामट्या तासायला नकोत, बोटात कूस जायला नको. पतंगी कागदच लावणार होतो. पण तो आणायला जायचा कंटाळा, आणि माळ्यावर आईची ट्रंक.

तीच ट्रंक. २०१९ च्या सांगलीच्या पुरात ती खालच्या खोलीत राहिली होती. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा जीव वाचवायचं बघायचं की ट्रंक? आठवडाभर पाण्यात होती. तळाशी आईची काळी इरकल. नंतर धुऊन, वाळवून ठेवली खरी, पण अंगभर चहासारखे डाग, घडीवर विरलेली. वाटलं, आता ही कोण नेसणार? लावली कात्री.

इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी, हे आपल्याला माहीत असतं. पण दोघांचे ताणे वेगळे असतात आणि फाशात फासा अडकवून जोडलेले असतात, हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. कात्री त्या जोडापाशी अडली तेव्हा दिसलं. थांबलो रे मी. चहा प्यायला गेलो. परत आलो आणि कापलं.

पाच कंदील झाले. एक चिंगीला पुण्याला, एक आमच्या कामवाल्या मावशींना, एक वाचनालयात, एक आमच्या गॅलरीत. लाल पदर मात्र सगळा तुझ्या कंदिलाला घातला. का ते तुला सांगायला नको.

परवा ताईचा फोन. ‘भाऊबीजेला येतेय. आईची इरकल काढून ठेव.’ राधाला सातवा लागलाय. बाळाच्या गोधडीला वरचा थर पणजीच्या साडीचा हवा म्हणे. आणि मी काय म्हणालो असेन? ‘हो.’ वर ‘नक्की’ पण म्हणालो.

तेव्हापासून झोप नाही. तशीच दुसरी आणावी, तर काठाजवळ स्टोव्हनं पडलेलं भोक आणि त्यावरचं रफू ताईनंच केलेलं, ती अंधारातसुद्धा हात फिरवून सांगेल. आपल्या गॅलरीतला कंदील सोडवावा, तर खळीत मी मोरचूद घातलेलं, झुरळं लागू नयेत म्हणून. सुमन म्हणते चार धुण्यांत जाईल. जाईलही, पण ते बाळाच्या अंगाखाली घालायचं? माझा धीर होत नाही. राहिला तुझा. रेशमावर खळीचे डाग पडतील म्हणून तेवढा एक मी सुईनं शिवला, आठही पाकळ्या. उसवला की कापड जसंच्या तसं.

मनाची समजूतही घालून पाहिली. ताईला तरी ती कापायचीच होती ना? मी फक्त आधी कापली. हे सुमनला ऐकवलं. ती म्हणाली, ‘हे वन्संसमोर बोलणार असाल तर मी भाऊबीजेला माहेरी.’

तुला वाड्यातला कंदील आठवतो? तो वाऱ्यानं पेटला म्हणून तू अजून हुज्जत घालतोस. वारा नव्हता, अव्या. वात तू वाढवलीस. पण तू सरळ आईपुढे जाऊन ‘काकू, मीच’ म्हणालास, आणि मी तुळशीमागे. धपाटे मला, लपलो म्हणून. तुझं काजळी लागलेलं तोंड तिनं पदरानं पुसलं. पन्नास वर्षं मी त्यावरून तुझ्याशी भांडतोय.

तर कंदील पाठव. पाकळ्या दुमडू नकोस, काड्यांची टोकं कापडात घुसतील. सरळ मोठ्या खोक्यात ठेव, भोवती वर्तमानपत्रं. आणि जमलं तर ताईला तूच एक फोन कर. तुझ्यावर ती ओरडत नाही, कधीच नाही ओरडली.

तुझं मोतीबिंदूचं झालं म्हणे, अजय म्हणाला. नीट दिसतं का? बंटीचं बंगलोरचं काय ठरलं ते लिही. वहिनींना नमस्कार. माझी साखर आहे तिथंच, गुडघेही तिथंच.

तुझा,
विज्या

ता. क. बदली कंदील पाठवतोय, पतंगी कागदाचा. यात झिरोचा दिवा लावू नकोस, एलईडीच लाव. तुझा भरवसा नाही.