दत्ता, तो कागद शोध

पुणे, १४ जुलै

प्रिय दत्ता,

काल साताऱ्याहून येताना एसटी चहाला थांबली आणि हॉटेलातल्या रेडिओवर तू लिहिलेलं गाणं लागलं. गल्ल्यावरचा मुलगा विशीतला असेल, कॅसेट निघाली तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. तरी दुसरा अंतरा तो तोंडपाठ म्हणत होता. निवेदिकेने गायकाचं नाव घेतलं, तुझं नाही. मला चहा गोड लागेना.

१९९७ साली आपण दोघं दादरच्या त्या ऑफिसातून बाहेर पडलो, तेव्हा तुझ्या हातात अकराशे रुपयांचं पाकीट होतं. तू कसल्याशा कागदावर सही केलीस. मी शेजारीच उभा होतो, पण मीही तो वाचला नाही, याची टोचणी अजून आहे. त्या पैशात तू वहिनींना साडी घेतलीस. तेव्हापासून गाणं कमावतंय आणि तुझ्या घरी त्यातला एक रुपयाही आलेला नाही.

तू म्हणशील, लोकांच्या लग्नात वाजतं, आणखी काय हवं? वरातीतल्या, हळदीतल्या गाण्यांना कायद्यानेच सूट दिली आहे, ते पैसे मागायचेही नाहीत. पण रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, मोबाइलवरची ॲप्स यांना ही सूट नाही. शिवाय ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि शब्दांचा, चालीचा वेगळा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. तुझ्या शब्दांचा हक्क तुझ्या हयातभर आणि त्यानंतर आणखी ६० वर्षं राहतो. नातीची मुलंसुद्धा त्यावर हक्क सांगू शकतील, दत्ता!

हा झगडा जुना आहे. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांसाठी रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या पुढच्या कमाईतला वाटा, मागितली. रफीसाहेबांचं म्हणणं, गाण्याचे पैसे मिळाले की विषय संपला. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. कॉलेजात मला रफींचं म्हणणं मोठ्या मनाचं वाटायचं. आता लताबाईंचं पटतं. गाणं किती वर्षं चालेल हे पाकीट देणाऱ्याला माहीत नसतं आणि घेणाऱ्यालाही. मग पुढच्या कमाईतला आपला वाटा त्याच दिवशी का सोडायचा?

२०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला होता. आता गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीवरचा हक्क सोडून देता येत नाही, तशी सही घेतली तरी ती चालत नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही रेडिओ केंद्रांनी शब्द आणि चालीची रॉयल्टी द्यायला हवी असंच म्हटलं.

इंग्लंडच्या केट बुशचं १९८५ चं एक गाणं २०२२ मध्ये एका वेबमालिकेत वाजलं आणि ३७ वर्षांनी तिथे पहिल्या क्रमांकावर गेलं. शब्द तिचे, चाल तिची आणि ध्वनिमुद्रणही तिच्याच मालकीचं. त्यामुळे बहुतेक पैसे तिच्याकडेच गेले.

तुझा करार २०१२ च्या आधीचा, म्हणून वकिलाला मूळ कागदच दाखवावा लागेल. हक्क लेखी दिल्याशिवाय दिलाच जात नाही. आणि १९९५ पासून असा नियम आहे, की करारात मुदत लिहिली नसेल तर तो पाचच वर्षांचा धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. मला आठवतंय तसा तो एका पानाचा, टाईप केलेला मजकूर होता. त्यात मुदत असेल असं मला वाटत नाही. नसेल, तर २००२ पासून ते शब्द पुन्हा तुझेच आहेत. विचार कर!

आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून गीतकार-संगीतकारांसाठी ही रॉयल्टी गोळा करते. तू अजून सभासदच नाहीस. तेव्हा तुझ्या नावाचे पैसे कुणी मागायचे? त्यांचा अर्ज मी आणून ठेवला आहे. आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि तुझ्या सगळ्या गाण्यांची यादी तयार ठेव, पहिल्या ओळींसकट. भजनांच्या कॅसेटमधली चारही धर, ती तू नेहमी विसरतोस.

तो कागद शोधायला माळ्यावरची पत्र्याची ट्रंक मी येईपर्यंत खाली काढून ठेव, एकटा मात्र चढू नकोस, गुडघा सांभाळ. मी रविवारी पहिल्या गाडीने निघतो. वहिनींना सांग, पिठलं-भाकरी पुरे, दुसरं काही करू नका.

तुझा,
सुधीर