अंधाराचं काय गैर झालं?

संपादक महोदय,

‘अंधाराचा गैरफायदा घेत चोरटे पसार’ हे वाक्य पेपरात अधूनमधून भेटतंच. परवाही भेटलं. यात अंधाराचं काय गैर झालं, ते मला समजत नाही. चोरांना अंधार फायद्याचा ठरला, बस. गैरफायदा घ्यायला समोर माणूस लागतो. भोळा, भिडस्त, नाहीतर अडलेला. कोर्ट ‘संशयाचा फायदा’ देऊन आरोपीला सोडतं, तिथे कोणी ‘गैर’ लावत नाही. (हे ‘गैर’ अरबीतलं, ‘फायदा’ही तिकडचाच. पण ‘गैरसोय’ करताना त्यानं आपल्या मराठी सोयीलाही सोडलं नाही!)

तीस वर्षं मी मार्केट यार्डात आडतीवर दिवाणजी होतो. श्रावणातली एक संध्याकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. पाऊस थांबायचं नाव नव्हतं. दिंडोरीकडचा एक शेतकरी पाचशे जुड्या कोथिंबीर घेऊन आला. आमच्याकडे पालेभाजीचा लिलाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांच्या भावानं होतो. त्याच्या आधीच्या ढिगाला शेकडा आठशे निघाले होते. व्यापाऱ्यानं याची एक जुडी उचलून झटकली, पाणी उडवलं आणि मागे उभ्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोकडे पाहिलं. भाड्याची गाडी, माल परत न्यायची सोय नाही, हे त्यानं ताडलं. बोली तीनशेवर अडली. माल तोच, उलट हिरवागार. मी विक्रीच्या हिशेबाची पट्टी फाडून दिली, तेव्हा शेतकरी एवढंच म्हणाला, “भाऊ, नडलेल्याला नाडलं.” (हल्ली माझा नातू ‘तो मला नडला’ म्हणतो, ते भांडणाचं. हे नडणं वेगळं.)

दुसऱ्या दिवशी बाजारभावाच्या रकान्यात छापून आलं, ‘आवक वाढल्याने कोथिंबिरीचे भाव कोसळले’. आवक वाढली की भाव पडतात, ते मीही वह्यांमध्ये मांडलंय. पण यार्डात आम्ही ‘भाव पाडला’ असंही म्हणतो. ‘पाडला’ म्हटलं की पाडणारा कोण ते विचारावं लागतं. ‘कोसळला’ म्हटलं की जणू दरडच.

तेव्हा चोरांच्या बातमीला ‘अंधारात पसार’ पुरे. तिथला उरलेला ‘गैरफायदा’ आपल्या बातमीदारानं एखाद्या संध्याकाळी लिलावाला उभं राहून बाजारभावाच्या रकान्यात वापरावा. पावसाची संध्याकाळ निवडली तर बरं.

– एक निवृत्त दिवाणजी, पंचवटी, नाशिक