शेतीच्या गेमवरचा ३+ चा शिक्का काढा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : शेतीच्या गेमला लावलेला ३+ वयोगट आणि काल तुमच्या प्रतिनिधीने दिलेली उत्तरं

काल मी ग्राहक सेवेला चौथ्यांदा फोन केला. चाळीस मिनिटं ताटकळल्यावर जे ऐकावं लागलं, त्यानंतर पाचवा फोन करायची इच्छा उरली नाही. म्हणून हे पत्र.

गेम कसा चालतो हे तुम्हाला सांगायला नको. पीक किती तासांत वाळतं, चारा मिळाला नाही की गाय कधी रडायला लागते, बक्षिसांचं चाक दिवसातून किती वेळा फुकट फिरतं आणि त्यानंतर खऱ्या पैशांनी घ्यायचे हिरे मागतं, हे सगळं तुम्हीच ठरवलंय. ते ठरवताना समोर आठ वर्षांचं मूल बसलेलं असेल, हे तुमच्यापैकी एकाच्या तरी मनात आलं होतं का?

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता ती माझ्या उशाशी येऊन उभी राहिली, टॅब मागायला. झोपण्याआधी तिने गहू पेरला होता आणि पहाटेच्या आत काढला नाही तर तो वाळणार होता. "आई, माझं पीक जाईल," म्हणून ती हुंदके देत होती. त्याच आठवड्यात तिने एक बी घ्यायला पैसे मागितले, मी एकदा पासवर्ड टाकून दिला आणि कामाला लागले. पुढच्या दहा मिनिटांत हिऱ्यांच्या सहा पेट्या घेतल्या गेल्या. एकदाही पुन्हा पासवर्ड विचारला गेला नाही. तिला वाटलं, हिरे शेतातच मिळतात. रडणारी गाय पडदाभर दिसते, रक्कम मात्र कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते.

आता कालचं संभाषण. ते रेकॉर्ड होत होतं, तेव्हा काढून ऐका.

प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, गेम थ्री प्लस आहे, म्हणजे मुलांसाठी सेफच आहे." सेफ म्हणजे काय, असं मी विचारलं. "त्यात रक्त नाही, शिव्या नाहीत." मग मध्यरात्री पीक वाळतं त्याचं काय? "त्यातून मुलांना जबाबदारी कळते, मॅडम." पैसे टाकून वाळलेलं पीक हिरवं करण्यात कसली जबाबदारी, असं विचारल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुम्ही स्वतः खेळून बघितलाय का?" मी सांगितलं, हो, तेविसाव्या लेव्हलपर्यंत. पोरीला नेमकं काय होतंय ते मला समजून घ्यायचं होतं. त्यावर तो म्हणाला, "तेवीस? म्हणजे तुम्हालाही आवडला ना मग!" आणि हसला. त्याच्या मागे आणखी कोणीतरी हसलं, तेही मी ऐकलं. माझी मुलगी रात्री रडत उठते हे सांगायला मी फोन केला होता. वर त्याने ऐकवलं, की मुलांवर लक्ष ठेवणं पालकांचं काम आहे, पैसे परत मिळणार नाहीत, आणि फोन ठेवताना या कॉलला पाच स्टार द्या.

शेतीचे गेम वाईट असतात असं मी म्हणत नाही. 'स्टारड्यू व्हॅली' बघा. त्यात दारूचा गुत्ता आहे, जुगाराची यंत्रं आहेत, आणि अशा गोष्टींमुळेही गेमचा वयोगट ठरवणाऱ्या अमेरिकेच्या ईएसआरबी या संस्थेने त्याला दहा वर्षांच्या पुढचा वयोगट दिलाय. पण तो गेम बंद केला की तिथला दिवसही थांबतो. मूल चार दिवसांनी परत आलं तरी पीक होतं तसंच असतं. तुमच्या गेममध्ये दारू नाही, म्हणून तो तीन वर्षांच्या मुलालाही चालतो, आणि तोच माझ्या मुलीला रात्री दोनला उठवतो. हा वयोगट लावताना फक्त पडद्यावर काय दिसतं ते मोजलं. मुलाची झोप कोणी मोजली?

आणि ते चाक. युरोपात गेमचा वयोगट ठरवणारी पेगी ही संस्था २०२० पासून खरेदीत काय हाती लागेल हे नशिबावर असलेल्या गेमवर तशी वेगळी सूचना छापते. तुमच्या चाकाबद्दलची ओळ मला सेटिंग्जच्या तळाशी सापडली. परक्या माणसांशी गप्पा मारायची 'शेजारी' खिडकी तर पहिल्या दिवसापासून उघडी असते.

मुलांनी केलेली खरेदी ही पालकांचीच चूक, हे कारण पुन्हा देऊ नका. अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने याच प्रश्नावरून २०१४ मध्ये ॲपलला ग्राहकांचे किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायला भाग पाडलं. एकदा पासवर्ड टाकला की पंधरा मिनिटं काहीही घेता येत होतं, हीच तिथली तक्रार होती. माझ्या घरी वेगळं काय झालं?

मला सहाही पेट्यांचे पैसे परत हवेत. मुलांच्या खात्यात पीक वाळणं आणि रात्रीच्या सूचना बंद करा, चाक आणि गप्पांची खिडकी काढा, प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागा. हे होईपर्यंत ३+ चा शिक्का काढा. तुमच्या जुन्या, साध्या गेमवर विश्वास होता म्हणूनच हा मी स्वतः मुलीला लावून दिला होता, याचं मला फार वाईट वाटतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर कॉलची तारीख, वेळ आणि खरेदीच्या पावत्या घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. मला फोन करू नका. लिहून कळवा.

– एक ग्राहक, आठ वर्षांच्या मुलीची आई