बंड्याच्या चामखिळी आणि काळूचं नख

लालबाग, मुंबई
रविवार

प्रिय मंजू,

बंड्या पिल्लाचे फोटो मिळाले. फोनवर तू इतकी घाबरली होतीस की निम्मं बोलणं राहूनच गेलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुमच्या चिपळूणच्या डॉक्टरांनी तोंड उघडून नीट पाहिलं आणि चामखिळी आहेत म्हणाले ना? मग शेजारच्या आजींनी कॅन्सर म्हटलं म्हणून तो कॅन्सर होत नाही. त्याला लांब कुठेतरी सोडून यायचा विषय घरात पुन्हा निघाला, तर हे पत्र सगळ्यांना वाचून दाखव.

वर्षाच्या आतल्या पिल्लाच्या ओठांवर, हिरड्यांवर, जिभेवर अशा फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या गाठी उगवल्या, की बहुतेक वेळा त्यामागे पॅपिलोमा विषाणू असतो. कुत्र्यांत त्याचे २० हून अधिक प्रकार सापडलेत. तोंडात चामखिळी आणणारा बहुधा त्यातला पहिल्या क्रमांकाचा. पिल्लं एकमेकांची तोंडं चाटतात, एकच चेंडू चावतात, एका ताटलीत खातात, आणि बारीकशा खरचटलेल्या जागेतून विषाणू आत शिरतो. लागण झाल्यावर गाठ दिसायला साधारण १ ते २ महिने जातात. म्हणजे परवा गल्लीतल्या ज्या पिल्लाशी तो खेळला, त्याच्यावर खापर फोडू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिंकीला हा रोग होणार नाही. माणसाचे पॅपिलोमा विषाणू वेगळे, कुत्र्याचे वेगळे. मांजरालासुद्धा बंड्याकडून काही होणार नाही. पिंकीला त्याच्यापासून तोडू नका गं, लेकरू रडून हैराण होईल. दूर ठेवायचं ते फक्त दुसऱ्या कुत्र्यांपासून, गाठी जाईपर्यंत. त्याची ताटली, खेळणी वेगळी ठेव. या विषाणूला स्निग्ध वेष्टण नसतं, त्यामुळे सॅनिटायझरला तो दाद देत नाही. भांडी आधी घासून, मग ब्लीचच्या पाण्यात बुडवून, पुन्हा स्वच्छ धुऊन घे.

औषध काय? बहुतेक पिल्लांत काहीही न करता १ ते ३ महिन्यांत गाठी वाळतात, गळून पडतात. काहींना जास्त वेळ लागतो. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणू ओळखायला शिकते, आणि काम तीच करते. तुला कुणी थुजाचे होमिओपॅथीचे थेंब सांगेल, कुणी अँटिबायोटिक, कुणी गाठ चिमट्याने चिरडायला सांगेल. आपोआप जाणाऱ्या रोगात शेवटी ज्याचं औषध चालू असतं त्याला श्रेय मिळतं, हे लक्षात ठेव. चिरडू तर अजिबात देऊ नको. गाठींमुळे खाता येईना, रक्त यायला लागलं, वास येऊ लागला, तर डॉक्टर त्या काढतात. आणि अंगाच्या खाजेसाठी त्याला ज्या गोळ्या चालू आहेत त्या स्टेरॉइडच्या आहेत का, विचारून घे. प्रतिकारशक्ती दबली की चामखिळी रेंगाळतात. पण त्या स्वतःहून एकदम थांबवू नको, डॉक्टरांनाच ठरवू दे.

चामखिळीचा कॅन्सर होतो का, हे तू तीनदा विचारलंस. खरं तेच सांगते: क्वचित होतो, पण बंड्यासारख्या पिल्लाच्या तोंडातल्या चामखिळींत ती भीती फारच थोडी. पग जातीच्या कुत्र्यांच्या पोटावर, पायांवर काळपट खरखरीत चट्टे उठतात, तेही पॅपिलोमाच्याच दुसऱ्या प्रकारांमुळे; त्यातले काही थोडे पुढे त्वचेच्या कॅन्सरकडे झुकतात. जन्मतःच प्रतिकारशक्ती अधू असलेल्या कुत्र्यांतही तसं पाहिलं गेलंय. पण कुत्र्यांच्या त्वचेचा स्क्वॅमस सेल कॅन्सर (वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा) म्हणजे दरवेळी हाच विषाणू, असं नाही. विरळ केसांच्या, गोऱ्या पोटाच्या कुत्र्यांत उन्हाचा वाटा मोठा असतो. गच्चीवर उताणे पडून तासन्‌तास ऊन खाणाऱ्या डाल्मेशियनची काळजी म्हणूनच घ्यायची.

आमच्या गल्लीत कुत्र्याच्या अंगावर गाठ दिसली की लोक सगळ्यालाच कॅन्सर म्हणून दगड उचलतात, त्याचा मला फार त्रास होतो. इथल्या भटक्या कुत्र्यांत लैंगिक अवयवांवर येणारी एक रक्ताळ गाठ दिसते. ती विषाणूची नसते. एका कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशीच मीलनाच्या वेळी दुसऱ्यात जाऊन वाढतात. तिलाही आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टीन या कॅन्सरवरच्या औषधाची काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्रे बरे होतात. आमच्या कोपऱ्यावरची लाली अशीच बरी झाली, आज मजेत दूध पिऊन जाते.

आणखी एक सांगायचं होतं. आपल्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी जी लस देतात, तिच्या वाटेवर कुत्रे आहेत. १९९५ मध्ये बीगल कुत्र्यांना बंड्याच्याच विषाणूचं नुसतं बाहेरचं कवच टोचून पाहिलं, आत विषाणूचा डीएनए नाही. ते कुत्रे तोंडातल्या चामखिळींपासून वाचले. माणसांची पहिली लस २००६ ला आली ती याच तत्त्वावर. आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटनेही तशी लस केली. पिंकी नऊ वर्षांची झाली की तिला ती दे, आणि देताना त्या मुक्या जिवांची आठवण ठेव.

पण मंजू, माझी झोप उडाली ती बंड्यामुळे नाही. एका फोटोत मागे काळू पुढचा पंजा चाटत बसलाय. तू सहज म्हणालीस की दिवाळीपासून त्याचं एक नख सुजलंय, मलम लावतोय, बरं होतं आणि पुन्हा चिघळतं. काळू लॅब्रेडोर, काळाभोर, आता दहाचा. मोठ्या काळ्या कुत्र्यांच्या नखाच्या मुळाशी स्क्वॅमस सेल कॅन्सर होण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि तो हुबेहूब नखातल्या पूसारखा दिसतो. म्हणूनच महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालू राहतं आणि आतलं हाड खाल्लं जातं. असेलच असं मी म्हणत नाही, साधा पूही असू शकतो. पण न भरणारी जखम म्हाताऱ्या कुत्र्यात मलमावर सोडायची नाही. पंजाचा एक्स-रे, काखेतल्या आणि मानेच्या लसिकाग्रंथी चाचपणं, आणि तुकडा काढून तपासायला पाठवणं, एवढं झालंच पाहिजे. कॅन्सर निघालाच, तर बहुधा तेवढं बोट काढतात. वेळेवर काढलं तर कुत्रे पुन्हा धावतात आणि पुढे बराच काळ चांगले जगतात.

तिकडे एक्स-रेची सोय नसेल तर सरळ इकडे घेऊन ये. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आमच्यापासून जवळ आहे, त्याच आवारात १८८६ पासूनचं गुरांच्या डॉक्टरांचं कॉलेज. रांग असते, पण मी सकाळी लवकर जाऊन नंबर लावीन. काळू माझ्या बाहेरच्या खोलीत राहील, मला त्याची अडचण नाही. बंड्याला मात्र तिकडेच ठेव, प्रवासात दुसऱ्या कुत्र्यांना लागण नको.

काकूंना नमस्कार सांग, पिंकीला गोड पापा. या आठवड्यातच काय ते ठरव आणि मला कळव.

तुझी,
वासंती