धाकट्याची वसई

चि. बाळू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "चवथीला येतो, पण गावात मला आता नावच उरलेलं नाही." दादा सरपंच झाल्यापासून म्हार्दोळच्या बाजारात तू 'सरपंचाचो भाव', हे माझ्याही कानावर येतं. मला 'सरपंचाची आई' म्हणतात, आणि खरं सांगू, मला ते आवडतं. तुला नाही आवडत, तेही बरोबर. तुझी समजूत काढत बसत नाही. बाजीराव पेशव्याच्या धाकट्या भावाबद्दल, चिमाजी अप्पाबद्दल लिहिते. शिकवायची खोड निवृत्त झाले तरी जात नाही.

शनिवारवाड्यासमोरचा बाजीरावाचा पुतळा तुला येता-जाता दिसतो. धाकट्याची समाधी तिथून चालत जाण्याइतकी जवळ, ओंकारेश्वरापाशी आहे. गेलायस कधी?

१७२० साली वडील गेले आणि शाहू महाराजांनी बाजीरावाला पेशवाई दिली. पोरसवदा पेशवा म्हणून दरबारातली जुनी मंडळी नाखूश. बाजीराव मोहिमेवर असला की साताऱ्याचा दरबार, पैशांची ओढाताण, सरदारांचे रुसवेफुगवे हे सगळं बहुधा अप्पाच्या गळ्यात. त्यात तब्येत नाजूक. पण त्याला घरबशा समजू नकोस. १७२८ साली अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर पडला, तेव्हा मराठी फौजेचा मुख्य हाच होता.

आणि पोर्तुगिजांची वसई! थोरल्याची लढाई घोड्याच्या पाठीवरची. आज इथे, उद्या शत्रूच्या पिछाडीला. वसईला त्या वेगाचा काय उपयोग? तीन अंगांना पाणी आणि दलदल, जमिनीची वाट एकाच बाजूने. तिथे वाळूतून मोर्चे खणत हात-हात पुढे सरकायचं, तटाखाली सुरुंग पुरायचे आणि वरून गोळे पडत असताना माणसं टिकवून धरायची. त्याच सुमारास नादिरशहा दिल्लीत शिरलेला. बाजीरावाला उत्तरेकडे फौज हवी, आणि ती इथे अडकलेली. तरी अप्पा हलला नाही. शेवटच्या हल्ल्यात काही सुरुंग उशिरा उडाले आणि चढून गेलेली आपलीच माणसं त्यात गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढाई. मे १७३९ मध्ये किल्ला मिळाला. फिरंग्यांना त्याने हत्यारं, निशाणं आणि बायकामुलांसह मानाने जाऊ दिलं. मला वसई घेतल्यापेक्षा हे मोठं वाटतं.

गोव्याहून वसईला नीट कुमक गेली नाही, त्याचं एक कारण इथेच आहे. त्याच वर्षी व्यंकटराव घोरपडे आपल्या साष्टीत घुसले होते, मडगावापर्यंत. हे दोघा भावांच्या धाकट्या बहिणीचे, अनूबाईचे यजमान. तिचं नाव तरी तू ऐकलंयस का? मंगेशी गाव देवस्थानाला पेशव्यांकडून मिळालं तेही १७३९ सालीच.

मस्तानीच्या बाबतीत मात्र अप्पा घरच्यांच्या बाजूने उभा राहिला. बाजीराव बाहेर असताना तिला पुण्यात कैदेत ठेवलं, त्यात याचाही हात होता. ते मला अजून पटत नाही.

एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेला, डिसेंबरात अप्पा. तिशी उलटून फार वर्षं झाली नव्हती. मुलगा सदाशिव तेव्हा दहा वर्षांचा. पानिपतावर पडलेला भाऊ तो हाच. थोरला भाऊ सगळ्यांना ठाऊक, मुलगा सगळ्यांना ठाऊक, मधल्या माणसाचं नाव मात्र आठवावं लागतं. त्याला याचं काही वाटलं असेल का, कुणास ठाऊक. वसईपुढे सवड कुठली!

असो. ओहळावरच्या साकवाचं एस्टिमेट दादाने तुला पाठवलंय. कंत्राटदार गोड बोलतो, दादाला त्यातलं कळत नाही आणि पंचायतीत कुणाला विचारायला त्याला लाज वाटते. तू इंजिनियर आहेस. नीट वाच आणि त्याला स्पष्ट सांग, भिडेखातर गप्प बसू नकोस. पावसाआधी काम व्हायला हवं.

तुझी,
आई