दुरुस्तीनंतर विंडोजचा परवाना पुन्हा विकत घेण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणक दुरुस्त होऊन परत येतो, नीट चालूही होतो, आणि काही काळाने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तळाशी फिकट अक्षरे उमटतात: ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’. वॉलपेपर बदलता येत नाही, रंग बदलता येत नाहीत. नव्याने विंडोज टाकली म्हणजे परवानाही नव्याने घ्यावा लागणार, असा बहुतेकांचा समज होतो. मग एकतर पुन्हा पैसे मोजले जातात, नाहीतर कुणीतरी ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ (परवाना नसताना तो आहे असे विंडोजला भासवणारा प्रोग्रॅम) चालवून ती अक्षरे घालवून देतो. संगणक घेतानाच ज्याचे पैसे भरलेले असतात तो मूळ परवाना मात्र तसाच पडून राहतो. आमच्या मते हे नुकसान जवळजवळ नेहमी टाळता येते. त्यासाठी दहा मिनिटांचे काम आहे, आणि ते दुरुस्तीच्या आधी करायचे असते.

परवाना राहतो कुठे, हे आधी पाहू. २०१२ साली विंडोज ८ आली तेव्हापासून कंपनीकडून विंडोजसह येणाऱ्या लॅपटॉपवर पंचवीस अक्षरी की (परवान्याचा सांकेतिक क्रमांक) छापलेला स्टिकर दिसेनासा झाला. ती की कारखान्यातच मदरबोर्डवरच्या (मुख्य सर्किट बोर्डवरच्या) बायोस चिपमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम असलेल्या चिपमध्ये, ‘एमएसडीएम’ नावाच्या छोट्याशा तक्त्यात लिहिलेली असते. लॅपटॉप उलटा करून की सापडली नाही, म्हणून विंडोज बनावट ठरत नाही. दुसरा प्रकार डिजिटल परवान्याचा. तो २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आला. यंत्राच्या भागांवरून, आणि त्यातही मुख्यतः मदरबोर्डवरून, एक ओळख तयार होते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवली जाते. की हाताळावीच लागत नाही. तिसरी, वेगळी विकत घेतलेली रिटेल की. ती एका वेळी एकाच संगणकावर चालते, पण जुन्यावरून काढून नव्यावर नेता येते. कचेरीच्या लॅपटॉपवर बहुधा व्हॉल्यूम परवाना असतो. तो संस्थेच्या सर्व्हरकडून १८० दिवसांच्या मुदतीने मिळतो आणि त्याचे नूतनीकरण होत राहते. असा लॅपटॉप बाहेर कुठे फॉरमॅट करून घेऊ नये. तो संस्थेच्या आयटी विभागाकडेच द्यावा.

आता दुरुस्तीकडे. हार्ड डिस्क जाऊन एसएसडी आली, रॅम वाढवली, डिस्प्ले, बॅटरी किंवा कीबोर्ड बदलला, तर परवान्याला धक्का लागत नाही. इन्स्टॉल करताना की मागितली तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ या अर्थाचा पर्याय निवडायचा, पूर्वीचीच एडिशन (होम, प्रो असा विंडोजचा प्रकार) टाकायची आणि इंटरनेट जोडायचे. अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होते.

घोळ मदरबोर्डच्या कामात होतो. बोर्ड सदोष निघाला आणि संगणक बनवणाऱ्या कंपनीच्याच सेवाकेंद्राने तो बदलला, तर परवाना पुढे चालू राहतो. नव्या बोर्डमध्ये की लिहून देणे हे त्या केंद्राचे काम आहे. यंत्र ताब्यात घेण्याआधी ते झाले का, हे विचारावे. हौसेने किंवा वेग वाढवण्यासाठी दुसरा बोर्ड बसवला, तर मायक्रोसॉफ्टच्या नियमानुसार तो नवा संगणक ठरतो आणि यंत्रासोबत आलेला ओईएम परवाना त्यावर लागू होत नाही. रिटेल परवाना तिथे चालतो.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे बायोस चिपची दुरुस्ती. लॅपटॉप चालू होतो पण पडद्यावर काहीच येत नाही, अशा तक्रारीत कारागीर बायोस खराब झाल्याचे निदान करतो, चिप काढतो किंवा क्लिप लावतो आणि प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाने नवी फाइल भरतो. ती फाइल बहुधा दुसऱ्याच यंत्रातून काढलेली असते. लॅपटॉप सुरू होतो, पण मालकाची की पुसली गेलेली असते आणि तिच्या जागी परक्या यंत्राची की येते किंवा ती जागा कोरी राहते. यंत्राचा सिरियल नंबर आणि यूयूआयडी (प्रत्येक यंत्राचा वेगळा ओळख क्रमांक) ही ओळखही बहुतेक लॅपटॉपमध्ये त्याच चिपमध्ये असते, तीही बदलते. यावर उपाय साधा आहे. काहीही लिहिण्याआधी मूळ चिप दोनदा वाचावी, दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का ते पाहावे आणि ती फाइल जपून ठेवावी. बायोसचा एखादा भाग बिघडला असला तरी एमएसडीएमचा भाग बहुतेक वेळा शाबूत असतो, तो नव्या फाइलमध्ये उचलून ठेवता येतो. जाणकार कारागिराला हे काही मिनिटांचे काम आहे. मूळ फाइल न ठेवता चिप पुसली, तर मात्र ती की परत आणता येत नाही.

यंत्र दुरुस्तीला देण्याआधी, ते चालू होत असेल तर, सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन हे पान उघडावे. तिथे नुसते ‘डिजिटल परवान्याने अ‍ॅक्टिव्हेट’ असे लिहिले असेल, तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करावे. मग त्याच ओळीत ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला’ अशी भर पडते. ही सोय २०१६ मधल्या विंडोज १० च्या १६०७ या अद्ययावत रूपापासून आहे आणि बोर्ड बदलल्यावर तीच हाताशी येते. ‘अबाउट’ पानावरून एडिशनचे नेमके नाव लिहून घ्यावे: होम, होम सिंगल लँग्वेज की प्रो. यंत्राला ओळखू येईल असे नावही द्यावे, कारण पुढे ते यादीतून निवडायचे असते आणि ‘डेस्कटॉप’ने सुरू होणारी चार नावे समोर आली की गोंधळ उडतो.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएलएमजीआर /डीएलआय’ ही आज्ञा द्यावी (अर्थात रोमन अक्षरांत). जी चौकट उघडते तिच्यात परवान्याचा प्रकार आणि कीची शेवटची पाच अक्षरे दिसतात. तिचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा. ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’ दिल्यावर अ‍ॅक्टिव्हेशन कायमचे आहे की मुदतीचे, ते कळते. घरच्या संगणकावर ‘व्हॉल्यूम’ किंवा ‘केएमएस’ (संस्थेच्या सर्व्हरवरून परवाना देण्याची व्यवस्था) हे शब्द आणि मुदतीची तारीख दिसली, तर आधी कुणीतरी अ‍ॅक्टिव्हेटर चालवला आहे असे समजायला हरकत नाही.

की शोधून देणाऱ्या प्रोग्रॅमवर विसंबू नये. डिजिटल परवान्याच्या यंत्रावर ते बहुधा सर्वांना सारखीच असणारी सर्वसाधारण की दाखवतात. प्रोची अशी की ३व्ही६६टी या अक्षरांनी संपते, होमची ८एचव्हीएक्स७ ने, होम सिंगल लँग्वेजची ६एफ४बीटी ने. ती कागदावर उतरवून लोक निर्धास्त होतात, पण नव्या बोर्डवर तिच्याने काहीही अ‍ॅक्टिव्हेट होत नाही.

बिटलॉकर या डिस्क कुलूपबंद (एनक्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीचेही याच वेळी पाहून घ्यावे. डिस्क एनक्रिप्ट असेल आणि बोर्ड किंवा टीपीएम ही सुरक्षा चिप बदलली, तर चालू होतानाच ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्कवरचे काहीच वाचता येत नाही. परवाना पुन्हा विकत तरी घेता येतो, फोटो आणि कागदपत्रे विकत मिळत नाहीत. मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली ती की आधीच छापून घ्यावी.

विंडोज पुन्हा टाकताना सर्वाधिक वेळा होणारी चूक म्हणजे चुकीची एडिशन. यंत्र होम सिंगल लँग्वेजचे असते आणि तंत्रज्ञ सवयीने प्रो टाकतो. होमचा परवाना प्रोवर चालत नाही, आणि प्रोवरून होमवर सगळे प्रोग्रॅम जागेवर ठेवून उतरण्याचा अधिकृत मार्ग नाही. डेटाची प्रत काढून पुन्हा स्वच्छ इन्स्टॉल करावे लागते. उलटही घडते. होमचे प्रो करून घेतलेले असते, पण इन्स्टॉलर चिपमधली होमची की वाचून न विचारता होमच टाकतो. अशा वेळी अ‍ॅक्टिव्हेशन पानावरचा ट्रबलशूटर चालवावा. प्रोचा डिजिटल परवाना नोंदलेला असेल तर तो प्रोवर नेतो.

बोर्ड बदलल्यानंतरही मार्ग याच ट्रबलशूटरमधून जातो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याने साइन इन करून तो सुरू करावा, ‘मी अलीकडे या यंत्राचे हार्डवेअर बदलले’ हा पर्याय निवडावा, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड द्यावा, यादीतून आपले यंत्र निवडून ‘सध्या मी हेच यंत्र वापरत आहे’ या चौकोनावर खूण करावी आणि अ‍ॅक्टिव्हेट म्हणावे. यंत्र यादीत नसेल, तर बहुधा परवाना त्या खात्याशी जोडलेलाच नव्हता किंवा खाते दुसरे आहे. एडिशन जुळत नसेल किंवा पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करण्याची मर्यादा संपली असेल, तरीही नकार येतो.

नकार आला की घाईने की विकत घेऊ नये, आधी त्रुटीचा क्रमांक वाचावा. शेवट एफ२११ असेल तर हार्डवेअर बदलल्याची नोंद झाली आहे; वर सांगितलेला मार्ग वापरावा. एफ२१३ म्हणजे यंत्रात कीच सापडली नाही. बायोसचे काम झाले असेल तर संशय तिथेच घ्यावा. एफ२१२ म्हणजे की आणि एडिशन वेगळ्या. सी००८ म्हणजे ती की परवानगीपेक्षा जास्त यंत्रांवर वापरली गेली आहे. एफ०५० असेल तर बहुतेकदा की टाइप करतानाच चुकलेली असते. इथे एक गोष्ट उपयोगी पडते: कीमध्ये शून्य, एक आणि पाच हे आकडे नसतातच, आणि ए, ई, आय, ओ, यू, एल, एस, झेड ही अक्षरेही नसतात. पुसट स्टिकरवर शून्यासारखे दिसते ते डी किंवा क्यू असते. बी आणि ८, जी आणि ६ या जोड्या मात्र डोळ्यांत तेल घालून वाचाव्या लागतात.

कीच्याही आधी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे घड्याळ. बोर्ड बरेच दिवस टेबलावर सुटा पडून राहिला की सीमॉस बॅटरी (घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल) उतरते किंवा परत जोडायची राहून जाते, आणि तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हरशी बोलणेच होत नाही. वेळ दुरुस्त करावी. यंत्र बंद करून मुख्य वीज काढल्यावर ती पुन्हा मागे जात असेल तर सेल बदलावा; बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो. ताज्या इन्स्टॉलनंतर वायफायचा ड्रायव्हर नसणे हेही नेहमीचे कारण. तेव्हा मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंगवर इंटरनेट द्यावे.

विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की वापरून विंडोज १० वा ११ अ‍ॅक्टिव्हेट करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केल्याचे जाहीर केले. त्या वाटेने आधीच मिळालेला डिजिटल परवाना त्याच बोर्डवर चालू राहतो.

अ‍ॅक्टिव्हेटरबद्दल आम्हाला कळकळीने सांगायचे आहे. तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला किंवा एखादे फोल्डर वगळायला सांगितले जाते, आणि नंतर ते कुणी पूर्ववत करत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळालेला, कुणी लिहिला ते माहीत नसलेला प्रोग्रॅम ठरावीक वेळेला आपोआप चालत राहतो, आणि त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात. ज्याच्या चिपमध्ये वैध की आहे त्याच्याही यंत्रावर हे केले जाते, केवळ ती की वाचून पाहण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत म्हणून. हे आम्हाला सर्वात जास्त खटकते.

म्हणून दुरुस्तीचे काम घेणाऱ्या प्रत्येकाने जॉबशीटवर चार नोंदी कराव्यात, अशी आमची विनंती आहे: यंत्र आले तेव्हाची एडिशन, परवान्याचा प्रकार, कीची शेवटची पाच अक्षरे, आणि बायोसला हात लावला असल्यास मूळ फाइल ठेवली की नाही. यंत्र चालूच होत नसेल तर तसे लिहावे. परत देताना अ‍ॅक्टिव्हेशनचे पान ग्राहकासमोर उघडून दाखवावे, आणि ग्राहकाने ते पाहिल्याशिवाय सही करू नये. मूळ बायोस फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी. तीत आपली की असते, त्यामुळे ती इतर कुणाला देऊ नये.

आपले,
संगणक दुरुस्तीच्या कामातील काही तंत्रज्ञ